इंग्रजीचा गृहपाठ आणि मराठी वाङ्मय

व्याकरण, निबंध आणि कविता हे इंग्रजीच्या गृहपाठाचे तीन भाग आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मुलगा परीक्षेंत उतरावा एवढ्यासाठींच हा खटाटोप असतो, असा सामान्य समज आहे. परंतु गेल्या दोन शतकांचा इतिहास चाळला असतां, अर्वाचीन मराठीची पुष्कळशी घडण याच पाठांतून झाली, असें दिसून येतें.

प्रथम व्याकरण घेऊं. संस्कृत परंपरेंत नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे शब्दांचे चार वर्ग सांगितले आहेत. 1836 सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, महाराष्ट्र भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें; त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. पुढें 1888 मध्यें आगरकरांनीं ‘वाक्यमीमांसा’ लिहून इंग्रजी वर्गांतील वाक्यपृथक्करण मराठीस लावून दाखविलें. हा परका सांचा सर्वत्र बसत नव्हता, हेंही खरें. मराठींतील भावे प्रयोगास इंग्रजींत जोड नाहीं. म्हणूनच 1911 सालीं मोरो केशव दामले यांनीं पूर्वसूरींचीं मतें पारखून ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ रचलें.

निबंधाची गोष्ट अशीच आहे. अ‍ॅडिसन, जॉन्सन, मेकॉले हे कॉलेजांतून अभ्यासिले जाणारे लेखक. त्यांच्या वाचनावर पोसलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर पेशानें शाळामास्तर होते. त्यांनीं 1874 च्या जानेवारींत ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे 84 अंक लिहिले. इंग्रजांकडून घेतलेलें हें हत्यार त्यांनीं इंग्रजी राज्यानें आलेल्या मानसिक दास्यावरच चालविलें, हें विसरतां कामा नये.

कवितेच्या बाबतींत पालग्रेव्हनें 1861 मध्यें संपादिलेली ‘गोल्डन ट्रेझरी’ अनेक मराठी कवींच्या हातीं पडली. केशवसुतांनीं इंग्रजी सॉनेट मराठींत प्रथम आणलें; त्यास पुढें ‘सुनीत’ हें नांव मिळालें. केशवसुत व वर उल्लेखिलेले मोरो केशव हे सख्खे बंधु. इंग्रजी विद्येचीं कविता आणि व्याकरण हीं दोन फळें एकाच घरांत पिकलीं!

हें कशानें साधलें? माझ्या मतें, दोन्ही भाषा एकमेकींशेजारीं ठेवण्याच्या संवयीनें. तर्खडकरांच्या ‘भाषांतर-पाठमाले’चे तीन भाग ज्यांनीं घोकले, त्यांस इंग्रजी वाक्य मराठींत व मराठी वाक्य इंग्रजींत आणावें लागे. तसें करतांना कर्ता कोठें बसतो, क्रियापद कां बदलतें, हें विद्यार्थ्यास स्वतः पाहावें लागे. निव्वळ पोपटपंची करणारे तेव्हांही पुष्कळ होते. परंतु विचार करणारास वाट मोकळी होती.

महाराष्ट्रांत 2000 सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी आली. आज आमच्या विठ्ठलवाडींत संध्याकाळीं शिकवण्यांचे वर्ग भरतात. तेथें कवितेचें रसग्रहण तयार मिळतें, निबंधाचे मुद्दे छापील असतात, आणि उरलेलें काम मोबाइल फोन करतो. मुलाचें उत्तर शुद्ध असतें. पण तें त्याचें नसतें. वास्तविक येथील मुलांजवळ पूर्वीच्यांहून मोठें भांडवल आहे. 1949 मध्यें स्थापन झालेलें निर्वासित सिंधी बांधवांचें उल्हासनगर शेजारींच असल्यामुळें मराठी, सिंधी व हिंदी या तिन्ही भाषा त्यांच्या कानांवर रोज पडतात. एवढी तुलनेची सामग्री चिपळूणकरांच्या वर्गांतही क्वचितच असेल.

तेव्हां पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मुलानें इंग्रजी कविता वाचली कीं, तिचा अर्थ त्यास घरच्या भाषेंत सांगावयास लावावें; निबंध लिहिण्यापूर्वीं त्यास काय म्हणावयाचें आहे तें तोंडी विचारावें; आणि व्याकरणाचा नियम आला कीं आपल्या भाषेंत तसें आहे काय, हा प्रश्न घालावा. यास इंग्रजीचें मोठें ज्ञान लागत नाहीं. रोज अर्धा तास मुलाजवळ बसण्याची तयारी मात्र लागते.