पोटगीची आंतरराष्ट्रीय वसुली

अपत्याच्या पोषणाचे दायित्व असलेला पालक परदेशी राहून पोटगी देण्याचे टाळीत असल्यास, तो राहतो त्या देशातील न्यायालये व शासकीय यंत्रणा यांच्या साहाय्याने ती मिळवून देणारी विधिव्यवस्था. पोटगीचा हक्क जवळजवळ सर्वच विधिपद्धतींनी मान्य केला आहे. अडचण हक्काची नसून अंमलबजावणीची आहे. न्यायालयाचा आदेश राज्याच्या सीमेपाशी थांबतो. पालकाचा पगार, घर व बँकेतील ठेवी सीमेपलीकडे असल्या, तर त्यांवर टाच आणण्याचा अधिकार आदेश देणाऱ्या न्यायालयास नसतो. परदेशी जाऊन दावा लावणे बहुतेक मातांना परवडत नाही आणि अपत्याचे वय मात्र निर्णयाची वाट पाहत थांबत नाही. हा भार एकट्या मातेकडून राज्यसंस्थेकडे सरकण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला.

इंग्लंडच्या न्यायालयांनी घडविलेल्या विधीप्रमाणे परदेशी न्यायनिर्णय हा ऋणासारखा मानून त्याची वसुली करता येई. पण त्यासाठी रक्कम निश्चित व निर्णय अंतिम असावा लागे. पोटगीचा आदेश स्वभावतःच अंतिम नसतो. पित्याची मिळकत घटली किंवा अपत्याच्या गरजा वाढल्या की तो बदलता यावा, यातच त्याचा न्याय्यपणा आहे. हाच गुण परदेशात दोष ठरला. मलायातील पेराक संस्थानात दिलेला पोटगीचा आदेश बदलता येण्याजोगा आहे, या कारणावरून १९२० मध्ये इंग्लंडमधील न्यायालयाने तो अंमलात आणण्याचे नाकारले. उलट १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या आदेशाखालील थकलेले हप्ते मान्य झाले. कारण देय होऊन गेलेले हप्ते बदलण्याचा अधिकार तेथील न्यायालयास नव्हता. मातेला पैसे मिळणार की नाही, हे अशा रीतीने दूरच्या प्रदेशातील विधीच्या एका बारकाव्यावर अवलंबून राही.

ब्रिटिश साम्राज्यात या कोंडीतून कायद्यानेच वाट काढण्यात आली. वसाहतींत स्थायिक होण्यास गेलेल्या पुरुषांनी मागे टाकलेल्या कुटुंबांचा प्रश्न १९११ च्या साम्राज्य परिषदेत न्यूझीलंडने मांडला होता. १९२० मध्ये ब्रिटिश संसदेने पोटगी-आदेशांच्या परस्पर अंमलबजावणीचा कायदा केला व पुढच्याच वर्षी भारतात त्याच धर्तीचा कायदा (१९२१ चा अठरावा) आला. त्यांत दोन मार्ग होते. आदेश पूर्वीच झालेला असेल, तर त्याची प्रत दुसऱ्या प्रदेशातील न्यायालयात नोंदविली जाई व तो तेथीलच आदेश असल्याप्रमाणे अंमलात येई. प्रतिवादी आधीच निघून गेला असेल, तर दंडाधिकारी पत्नीची जबानी घेऊन तात्पुरता आदेश देई. जबानीची लेखी प्रत आणि प्रतिवादीस कोणते आक्षेप घेता येतील याचे निवेदन पतीच्या वास्तव्याच्या ठिकाणी पाठविले जाई. तेथील न्यायालय त्याचे म्हणणे ऐकून आदेश कायम करी, बदली किंवा अधिक पुराव्यासाठी परत पाठवी. एकाच खटल्याची ही दोन अर्धी चौकशी होती. कागद बोटीने जात-येत असल्याने तिला विलंब लागे, तरी पत्नीला समुद्र ओलांडावा लागत नसे, हा तिचा मोठा लाभ. मात्र परस्परता मान्य केलेल्या प्रदेशांबाहेर तिचा उपयोग नव्हता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटक राज्ये या बाबतीत एकमेकांना परकीच होती. १९५० च्या एकरूप कायद्याने मातेला स्वतःच्या राज्यात अर्ज करून तो पित्याच्या राज्यात पाठविण्याची सोय झाली. १९६८ च्या सुधारणेत तत्सम कायदा असलेल्या परदेशांनाही राज्याच्या व्याख्येत स्थान मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्थलांतरामुळे प्रश्न जगभर पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने २० जून १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे झालेला करार २५ मे १९५७ पासून अंमलात आला. प्रत्येक सदस्यदेशाने अर्ज पाठविणारी व अर्ज स्वीकारणारी अशा संस्था नेमावयाच्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थेने अर्जदाराच्या वतीने तडजोड, दावा किंवा अंमलबजावणी करावयाची, अशी ही योजना होती. न्यायनिर्णयांना मान्यता देण्याची सक्ती त्यात नव्हती. ती उणीव हेगच्या परिषदेने १९५८ व १९७३ च्या करारांनी काही अंशी भरून काढली.

तथापि अमेरिका या व्यवस्थेबाहेर राहिली. यूरोपीय विधीनुसार पोटगी मागणाऱ्याच्या वास्तव्यस्थानच्या न्यायालयास अधिकारिता असते. अमेरिकेत प्रतिवादीचा त्या राज्याशी पुरेसा संबंध असल्याशिवाय ती मिळत नाही. न्यूयॉर्कमधील पित्याने मुलीला कॅलिफोर्नियात मातेकडे राहण्यास संमती दिली, एवढ्यावरून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयास त्याच्यावर अधिकारिता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला.

२३ नोव्हेंबर २००७ च्या हेग कराराने यावर व्यवहारी तोड काढली. वास्तव्यावर आधारलेली अधिकारिता अमान्य करण्याची मुभा सदस्यदेशास आहे. पण अशा वेळी निर्णय नाकारून स्वस्थ बसता येत नाही, मागणाऱ्यासाठी नवा आदेश मिळविण्याची सर्व व्यवस्था त्याला करावी लागते. मध्यवर्ती प्राधिकरणांनी पालकाचा ठावठिकाणा शोधण्यास साहाय्य करावयाचे असते आणि २१ वर्षांखालील अपत्याच्या पोटगीसाठी सामान्यतः विनामूल्य विधिसाहाय्य मिळते. ठावठिकाण्याविषयीची तरतूद दिसते त्याहून मोलाची आहे. कारण पत्ता नसला, तर उत्तम आदेशही कागदच राहतो. करार १ जानेवारी २०१३ पासून अंमलात आला. डेन्मार्क वगळता यूरोपीय संघास तो १ ऑगस्ट २०१४ पासून व अमेरिकेस १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. अमेरिकेच्या अंतर्गत विधीनुसार २,५०० डॉलरांहून अधिक थकबाकी असलेल्यास पारपत्र नाकारले जाते.

पाकिस्तान व श्रीलंका १९५६ च्या न्यूयॉर्क करारात सामील झाले. भारत त्याचा किंवा २००७ च्या कराराचा सदस्य झालेला नाही. नोकरीसाठी अमेरिकेत वा आखाती देशांत गेलेल्या पालकाविरुद्ध येथील मातेस मुख्यतः देशी विधीचाच आधार घ्यावा लागतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. डॉलरमध्ये वेतन घेणाऱ्या पित्याच्या बाबतीत ती हास्यास्पदच म्हटली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. न्यायालयाने समन्स किंवा अटकेचे अधिपत्र काढले असल्यास १९६७ च्या पारपत्र कायद्याखाली पारपत्र जप्त वा रद्द करता येते. हे साधन प्रभावी असले, तरी दुधारी आहे. त्यामुळे पित्याची परदेशातील नोकरी गेली, तर ज्यातून पोटगी द्यावयाची ते उत्पन्नच नाहीसे होते.

परदेशी हुकूमनामे भारतात बजावण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे ४४ अ हे कलम आहे. ते परस्परता अधिसूचित झालेल्या प्रदेशांनाच लागू होते. ब्रिटन व सिंगापूर या यादीत आहेत, अमेरिका नाही. जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातींचा तीत समावेश झाला. तथापि या कलमाचा उपयोग तेथील हुकूमनामा येथील मालमत्तेविरुद्ध बजावू पाहणाऱ्यास होतो. भारतात आदेश मिळवून तेथील वेतनातून पोटगी मागणारी माता नेमकी उलट बाजूस उभी असते.