गोपाळ मंदिराच्या छायेतील बाजार

सुईपासून शालूपर्यंत सर्व काही एका छपराखाली मिळावे, ही कल्पना मुंबईस साहेबांच्या दुकानांनी परिचित करून दिली. १९०६ साली स्थापन झालेल्या बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सने तिला देशी रूप दिले. आम्हां उज्जैनकरांना मात्र त्या छपराची उणीव कधी जाणवली नाही. आमचे भांडार म्हणजे छत्री चौक. सोन्यासाठी सराफा, बांगड्यांसाठी लखेरवाडी, आणि महाकाळाकडे जाताना पटनी बाजार: गल्ल्या हेच त्याचे विभाग.

या भांडाराच्या मध्यभागी गोपाळ मंदिर आहे. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस हलविली. दरबार गेला की पेठ ओस पडते, असा अनुभव आहे. उज्जैनची पेठ तगली, आणि त्याचे काही श्रेय आम्ही बायजाबाईंना देतो. कागलकर घाटग्यांची ही कन्या दौलतरावांच्या पश्चात १८३३ पर्यंत राज्य सांभाळीत होती. तिच्या सावकारी पेढ्याही होत्या. पैशाची चाल जाणणाऱ्या बाईने देवालयासाठी एकांतातला घाट न निवडता नगराचा चौक निवडावा, हा योगायोग आम्हांस वाटत नाही.

उंच जोते, चौकाकडे उघडणारे प्रवेशद्वार, संगमरवरी शिखर आणि गाभाऱ्याची रुपेरी दारे. ही दारे मूळची सोमनाथची, महादजींनी परत आणलेली, असे परंपरा सांगते. इतिहासकाराने ते जपूनच घ्यावे. सभोवतालच्या जुन्या घरांची रचना साधी आहे: खाली ओटा व गादी, वर बिऱ्हाड, रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. श्रावणातल्या सोमवारी महाकाळाची सवारी निघाली की याच सज्जांतून आमच्या आज्या पालखीवर फुले टाकीत.

२०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी अतोनात वाढली आहे, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी जुन्या शहरात रस्ते रुंद होत आहेत. रस्ते हवेत, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु मंदिराची नोंद होते, सज्जांची होत नाही. ज्या घरांत अजून जुनी बांधणी शिल्लक आहे, त्यांनी निदान छायाचित्रे व खरेदीखते मंडळाकडे नकलेसाठी द्यावीत.

वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकाळ गोपाळाच्या भेटीस येतो. बेल आणि तुळस यांची अदलाबदल होते. त्या रात्री आम्ही पुन्हा चौकात असू. तेव्हा कागद आणले तरी चालतील.