पोचा पडलेलं चिपटं

आमच्या घरात पितळेचं एक चिपटं आहे. काठाखाली दोन रेघा, आणि पोटाला एका बाजूनं आत गेलेला पोचा. डाव्या हाताचा अंगठा त्यात नीट बसतो. लहानपणी मी विचारायचो, हा कसा पडला, तर आई म्हणायची, "पडलं असेल कुणाच्या तरी हातून." आजी काही बोलायची नाही. ती बोलली फार उशिरा, ऐंशी उलटल्यावर, आणि तेही मी ते चिपटं ठोकून सरळ करायला निघालो तेव्हा.

"ऱ्हाऊ दे त्येला," ती म्हणाली. "त्यो पोचा मी घातलाय. वरवंट्यानं."

तिच्या सासूकडून आलेलं माप ते. आमच्याकडे दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. १९५८ पासून देशात दशमान मापं टप्प्याटप्प्यानं आली, बाजारात किलो-ग्रॅम सुरू झाले, पण आजीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत किलोला कधी पाऊल टाकता आलं नाही. दुकानातून आणलेला पाच किलो गहूसुद्धा ती घरी आणून पुन्हा चिपट्यानं मोजायची. आई १९७८ साली लग्न होऊन सोलापूर शहरातून आली ती 'रुचिरा' घेऊन. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे नव्या सुनांचा त्याच्यावर फार जीव. आईनं पहिल्या आठवड्यात वाचून दाखवलं, "दोन वाट्या पीठ..." आजीनं विचारलं, "कुणाची वाटी?" आईकडे आजही याचं उत्तर नाही.

गाव सांगोला तालुक्यातलं, माण नदीच्या अलीकडे. नदी म्हणायची ती नकाशापुरती. तिकडचं पीक म्हणजे शाळू, आणि शाळू हस्ताच्या पावसावर. हस्त लागला आणि बरसला तर वर्ष निघालं, नाही तर नाही. १९७२ साली नाही. त्याआधीची दोन वर्षंही धड गेली नव्हती, त्यामुळे बळदात जे काही होतं ते तळाला गेलेलं. घरात अकरा माणसं. आजोबा, त्यांचे दोन भाऊ, दोघी जावा, पोरं, आणि एक आंधळी चुलत सासू, जिची भूक, आजी म्हणायची, "डोळ्यांतली बी पोटातच उतरल्याली."

आपण बहात्तरचा दुष्काळ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती खडी. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग आणि खडी. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं कामं काढली आणि माणसं त्यांवर तुटून पडली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी छोट्या प्रमाणावर करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली, पुढे १९७७ चा कायदा झाला. ज्याँ द्रेझसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर लिहिलं, की एवढं पीक बुडूनही महाराष्ट्रात भूकबळींची रांग लागली नाही ती या कामांमुळे. खरं आहे ते. आजीलाही मान्य होतं. "खडी नसती तर आमी नसतो," ती म्हणायची. फक्त पुढे तिचं एक वाक्य असायचं: "पर खडी खाता येत न्हाई."

मजुरीचे पैसे हातात यायचे, पण त्या पैशांत घ्यायला दाणा कुठं होता? बाजारात शाळू दिसेना. रेशनवर आला तो मिलो. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून 'मिलू' म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. तिकडे ती जनावरांना घालतात हे गावाला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते ऐकल्यावर आंधळ्या चुलत सासूनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

मिलोची तक्रार चवीची कमी, पिठाची जास्त. त्याला विरी नाही. ज्यांनी भाकरी थापलेली नाही त्यांना विरी काय ते सांगायला हवं. पिठाचा जो चिकटपणा भाकरी धरून ठेवतो ती विरी. दळण जुनं झालं की विरी जाते, मिलोला ती मुळातच नव्हती. आजीनं मला एकदा ते करून दाखवलं होतं. पीठ दुकानातलं, महिनाभर जुनं, मुद्दाम ठेवलेलं. काटवटीत पिठाचं आळं केलं, त्यात रटरटतं पाणी ओतलं, उलथण्याच्या दांड्यानं भराभर ढवळलं आणि वर ताट झाकून ती चुलीकडे तोंड करून बसली. बोलायचं नाही, उचकायचं नाही, वाफ जिरू द्यायची. मग ताट काढलं आणि ते गरम पीठ तळव्याच्या टाचेनं रगडायला घेतलं. हात भाजत असणार. वेदनेचा एक शब्द नाही, पण गोळा वळताना बोटं दर चार क्षणांनी गार पाण्यात जात होती. थापताना कड फुटली की ओलं बोट फिरवून सांधायची. "मिलूची भाकर तव्यावर टाकायची म्हंजी," ती म्हणाली, "निजलेलं पोर दुसऱ्याच्या वळकटीवर ठेवल्यागत." दर तीन भाकरींतली एक तव्यात मोडायची. मोडलेली वाया जायची नाही, तिचे तुकडे रात्री लसूण-तिखटाच्या पाण्यात उकळायचे. तेल नव्हतंच, त्यामुळे त्याला फोडणीची भाकरी म्हणायचं धाडस कुणी केलं नाही.

हल्ली फोडणीची भाकरी, कुटके, आंबील हे सगळं 'विसरलेले पदार्थ' म्हणून कौतुकानं ताटात येतं. येऊ दे. पण आमच्या घरात कुणी ते विसरलेलं नाही. हुलग्याचं माडगंही नाही. हुलगे भाजून जात्यावर ओढायचे, पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, हाटत राहायचं. मीठ. गूळ असला तर गूळ. विहिरीच्या कडेला ओल धरून उगवलेली घोळ किंवा चिघळ मिळाली तर त्या दिवशी कोरड्यास. कामावर सुकडी मिळायची, गोडसर, कोरडी, भुग्यासारखी. तीही आजी सगळी खायची नाही. पदरात बांधून आणायची आणि संध्याकाळी पोरांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवायची. माझे वडील तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांना गोड आवडत नाही. कारण कधी सांगत नाहीत.

आता चिपट्याकडे.

स्वयंपाकाची पाळी जावांची. एक दिवस आजीची, एक दिवस धाकट्या जावेची. आजोबांनी ठरवून दिलेलं, रोज आठ चिपटी पीठ. संध्याकाळी जेवायला बसताना ते विचारायचे, "किती काढलं?" आणि चुलीपुढून उत्तर यायचं, "आठ." भावाभावांत कुणाच्या मनात काही येऊ नये म्हणून हा हिशोब उघडा. घर फुटायचं असलं तर ते पिठापासून फुटतं हे आजोबांना माहीत होतं.

आठ चिपट्यांत अकरा माणसं जेवत होती, पण आजीनं बळद पाहिलं होतं. रोज आठ काढली तर मृग नक्षत्रापर्यंत पुरणार नाही. सात काढू या म्हणायची सोय नाही, कारण खडी फोडून आलेल्या पुरुषांसमोर ते बोलणार कोण? मग तिनं घरोघरच्या बायकांनी केलं तेच केलं. स्वतःची भाकरी मोडली. अर्धी खायची, अर्धी टोपल्यात परत. उपास होतेच. सोमवार तिचा आधीपासून. १९६५ साली लालबहादूर शास्त्र्यांनी देशाला सोमवारी रात्री जेवू नका सांगितलं तेव्हा आजोबा पेपर वाचून म्हणाले होते, दिल्लीला तुझा सोमवार कळला. आता त्याला गुरुवार जोडला गेला, मग शनिवार. दुष्काळात देवांची संख्या वाढते ती अशी.

दिवाळीनंतर एकदा कामावर घमेलं उचलताना तिला घेरी आली. मुकादमानं सावलीत बसवलं. बसल्या बसल्या तिनं हिशोब केला. मी हा किस्सा तिच्या तोंडून तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा इथं ती थांबायची, नाकातली मोरणी चाचपायची. "मी म्हणलं, माजी एकटीची भाकर मोडून किती उरंल? आन मीच पडले तर करून घालायचं कुणी? त्यापरास सगळ्यांचीच थोडी थोडी मोडू."

त्या रात्री सगळे निजल्यावर तिनं चिपटं उंबऱ्यावर आडवं धरलं, वरून फडक्याची घडी ठेवली आणि वरवंटा घातला. एकदा. मग आत हात घालून पाहिलं आणि अजून एकदा. सकाळी सांगितलं, हातातनं निसटलं. पुढे रोज आठच चिपटी निघत राहिली, आजीच्या पाळीला आणि जावेच्याही. जाऊ हाताची मोकळी, मापावर शीग ठेवणारी, पण पोच्यापुढे तिची शीगही लंगडी पडायची. कुणी खोटं बोलत नव्हतं. आठ म्हणजे आठच.

मी विचारलं, "आजोबांना कळलं नाही?"

"कळलं आसंल," ती म्हणाली. "पर त्येंनी नवं माप आणलं न्हाई."

याच हिवाळ्यात मुंबईहून तिच्या धाकट्या बहिणीचं कार्ड आलं. ती लालबागला, नवरा गिरणीत, घरी सात-आठ गडी खानावळीला. महागाईनं तेल-साखर परवडेना म्हणून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागं हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, हातात लाटणी घेऊन. आमची मावशीआजीही त्यांत होती. आजोबांनी कार्ड मोठ्यानं वाचलं. आजी ऐकून म्हणाली, "लाटणं मोर्च्यात न्हेलं तर चपात्या कशानं केल्या?" पण ते कार्ड तिनं फडताळात जपून ठेवलं, आणि मला वाटतं तिला थोडा हेवा वाटला असावा. एकीनं लाटणं उगारलं ते साऱ्या मुंबईनं पाहिलं, दुसरीनं वरवंटा घातला तो कुणी पाहू नये म्हणून मध्यरात्री. मावशीआजीचं पुढचंही सांगायला हवं. १९७४ साली गिरण्यांचा संप बेचाळीस दिवस चालला तेव्हा तिनं आपले गडी उधारीवर जेवू घातले. वाण्याचं देणं चढलं आणि गळ्यातली सोन्याची पोत गहाण पडली. पुढच्या वर्षी प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा ती पोत सुटली.

पोच्यातून वाचलेलं पीठ वेगळं कुठं ठेवलं नव्हतं. ते बळदातच राहिलं, दाण्यांच्या रूपानं. त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा बळदाच्या तळाशी अजून काही पायल्या होत्या. आजोबांनी आत उतरून झाडून काढल्या आणि वर येऊन एवढंच म्हणाले, "पुरलं म्हणायचं." त्या रात्री शाळूच्या भाकरी झाल्या. मिलोची नाही, घरच्या शाळूची, पांढरी, टम्म फुगलेली. आजीनं पोटभर खाल्ली का ते मी विचारायला हवं होतं.

चिपटं मात्र तसंच राहिलं. ठोकून सरळ केलं असतं तर मग प्रश्न आले असते. शेताला पाणी आलं, घरं वेगळी झाली, आजी आमच्याकडे आली तर ते तिच्या ट्रंकेत आलं. आईला तिनं शिकवलं, चिपटं भरून घ्यायचं आणि वर एक मूठ घालायची. आई समजायची की ती मूठ आल्या-गेल्याची. दारी आलेला उपाशी जाऊ नये म्हणून. आई माहेरी सांगायची, आत्याबाईंचा हात किती मोठा. आजी ऐकून घ्यायची.

आजी गेल्यानंतर मी एकदा चिपट्यात काठोकाठ तांदूळ भरले आणि ते शेजारच्या काकूंच्या चिपट्यात ओतले. त्यांचं माप सरळ आहे. वर जागा उरली ती मुठीनं भरली. आईची मूठ घातली तर थोडं सांडलं, माझी फारच सांडली. आजीचा हात लहान होता.

आई आता माझ्याकडे पुण्यात असते. कुकरबरोबर प्लॅस्टिकचा मापाचा कप आलाय, त्यानं ती तांदूळ घेते. तीन माणसांना दोन कप. आणि वर मूठ. मी दोन-चारदा सांगून पाहिलं, आई, या कपाला पोचा नाही. "हो," म्हणते, आणि मूठ घालते. भात रोज उरतो. सकाळी त्याला फोडणी पडते, भरपूर तेलाची, वर कच्चा कांदा. वडील तो आवडीनं खातात. साखर तेवढी घालू देत नाहीत.