नकाशातून कोण गळतं?

मुंबईचा थ्रीडी नकाशा म्हटलं की डोळ्यांसमोर झगमगीत चित्र येतं. विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरचे कोट्यवधी ठिपके टिपायचे आणि त्यातून एकेक इमारत उभी करायची. पण सगळे ठिपके जसेच्या तसे ठेवले तर संगणकाचा दम निघतो. म्हणून इमारत ‘सोपी’ करतात. एका पातळीतले लहान तुकडे जोडून एक भिंत करायची, बारीक उंचवटे पुसून गच्ची सपाट करायची. शेवटी उरतो ठोकळा. सिटीजीएमएल नावाचं आंतरराष्ट्रीय मानक 2008 साली आलं, त्यात याच्या पायऱ्याच ठरवून दिल्यात: आधी जमिनीवरचा आकार, मग ठोकळा, मग छपराचा उतार, मग दारं-खिडक्या.

यात गैर काही नाही. गाळल्याशिवाय नकाशा होतच नाही. प्रश्न एवढाच, की काय गाळायचं हे कोण ठरवतं? आपल्या उपनगरांचा या बाबतीतला इतिहास बघा.

कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात मुंबईची तपशीलवार मोजणी केली, ती बेटापुरती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातली, साष्टीतली गावं. तिथे चालायची महसुली मोजणी. सरकारला हवा होता शेतसारा, म्हणून शेताला सर्व्हे नंबर मिळाला. गावठाण मात्र नकाशात एकच तुकडा. आतली घरं, अंगणं, वाटा मोजायची गरज कुणाला वाटली नाही. मरोळ, एकसर, किरोळ अशा गावठाणांतली माणसं आजही हद्दीसाठी कागद शोधत फिरतात, त्याचं मूळ या गाळण्यात आहे.

1950 आणि 1957 साली ही उपनगरं महापालिकेत आली. गिरण्या-कारखान्यांमागोमाग वस्त्या वाढल्या. 1976 च्या जानेवारीत राज्य सरकारने झोपड्यांची गणना केली, फोटोपास दिले. कागदावर नसलेला माणूस पहिल्यांदा कागदावर आला. पण पुढे पुनर्वसनाच्या योजना आल्या तेव्हा हिशोब धरला तो तळमजल्याचा. शिडी चढून वरच्या खोलीत राहणारं कुटुंब अपात्र. वरून काढलेल्या सपाट नकाशात एका झोपडीचा एकच चौकोन दिसतो, आणि नियमही त्या चौकोनाइतकाच सपाट!

मग 2015. विकास आराखडा 2034 चा मसुदा फेब्रुवारीत आला. वारसा वास्तू गायब, उभ्या इमारतींवरून रस्ते. एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीस यांनी तो नव्याने करायला लावला. मंजुरी मिळायला 2018 उजाडलं. चुका सापडल्या कशा? लोकांनी आपापली गल्ली नकाशात शोधली म्हणून.

आता थ्रीडीत गल्ली शोधणं आणखी अवघड, कारण कुठला तपशील महत्त्वाचा हे कामावर ठरतं. विमानतळाभोवती इमारतीच्या उंचीत गच्चीवरची टाकी आणि लिफ्टची खोलीही धरतात. तीच ‘किरकोळ’ म्हणून पुसली तर मॉडेल बिनकामाचं. 2022 साली उच्च न्यायालयाने उंचीचा नियम मोडणाऱ्या 48 इमारतींचे वरचे भाग पाडायला सांगितले होते, म्हणजे काही फुटांचा फरकही किती मोठा ते कळतं. उलट पुराचा अंदाज काढताना टाकी गेली तरी चालेल, पण जोत्याची उंची आणि खालचं मोकळं स्टिल्ट पार्किंग हवंच. ठोकळ्यात ते पार्किंग भरीव भिंत होतं आणि पाणी मॉडेलमध्ये भलत्याच वाटेने जातं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या शहराला हे परवडणारं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. लेझरला वरची खोली दिसते. धारावीच्या सर्वेक्षणात हे तंत्र वापरलं गेलं. म्हणजे ‘दिसलंच नाही’ ही सबब संपली. आता वरच्या मजल्यावरचा माणूस मागे पडतो तो निव्वळ नियमामुळे. अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन मंजूर केली. धारावीत गळलेला ठिपका मुलुंडच्या मिठागरावर जाऊन पडतो, तो असा.

म्हणून मागणी साधी आहे. थ्रीडी नकाशा जरूर करा. पण काय गाळलं, किती उंचीखालचं गाळलं, हे त्याच नकाशासोबत मराठीत जाहीर करा. मूळ मोजणी पुसू नका, जपून ठेवा. आणि वॉर्डावॉर्डात लोकांना आपलं घर त्यात तपासू द्या. 2015 साली कागदावरच्या चुका लोकांनीच पकडल्या होत्या. पडद्यावरच्याही पकडतील, फक्त पडदा त्यांच्यासमोर यायला हवा.

#मुंबईउपनगर #विकासआराखडा #गावठाण