ग्वाल्हेरचे सूर आणि आकाशवाणी : काय राखले, काय निसटले?

रामकृष्णबुवा वझे हे नाव बेळगावच्या जुन्या माणसांना परके नाही. सावंतवाडी संस्थानातील ओझरे या गावी जन्मलेला एक निर्धन मुलगा गाण्याच्या ओढीने घर सोडतो, अन्नान्नदशा सोसत ग्वाल्हेर गाठतो, उस्ताद निसार हुसेन खाँ यांच्या पायांशी बसून तालीम घेतो आणि पुढे बेळगावात बिऱ्हाड करून ती विद्या शिष्यांच्या हाती देतो. आपल्या या धडपडीची हकीकत बुवांनी ‘संगीत कलाप्रकाश’ या ग्रंथात मराठीतच लिहून ठेवली आहे. १९४५ साली बुवा गेले, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. अकरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ते म्हैसूर राज्यात गेले. बुवांची गायकी मात्र कोणत्याच राज्याच्या दप्तरात नोंदलेली नव्हती. ती ज्यांच्या गळ्यात होती, त्यांच्याबरोबर राहिली.

सीमाभागातील वाचकांपुढे आज ग्वाल्हेरचा विषय मांडण्याचे कारण हेच. आपल्या भूमीवर जे ख्यालगायन रुजले, त्याचा मोठा वाटा ग्वाल्हेरहून आलेला आहे. आणि संस्थाने लयाला गेल्यावर त्या गायकीला जो नवा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे आकाशवाणी. एखाद्या समाजाची परंपरा नभोवाणीने सांभाळली, असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय सांभाळले जाते आणि काय हातून निसटते, याचा धडा ग्वाल्हेरच्या इतिहासात आहे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपली छावणी स्थिर केली. त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि ‘लष्कर’ हे त्याचे नाव आजतागायत टिकले. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे, त्यांच्यामागून आलेले सरदार, कारकून, पुरोहित, कीर्तनकार अशी मराठी वस्ती तेथे वाढली. कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे हे याच मुलखातले. या मराठी दरबाराच्या आश्रयाने हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या बंधूंनी ख्यालाला जे रूप दिले, ते ग्वाल्हेर घराण्याचे. आणि या मुसलमान उस्तादांनी आपली विद्या मराठी शिष्यांना मोकळ्या हाताने दिली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी; त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बाळकृष्णबुवा ही गायकी घेऊन दक्षिणेत आले, मिरजेत व इचलकरंजीत राहिले आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठावर ग्वाल्हेरची दुसरी पेठ उभी राहिली. हद्दू खाँचे चिरंजीव रहमत खाँ विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीबरोबर देश फिरले आणि १९२२ साली कुरुंदवाडात त्यांनी देह ठेवला. त्याच कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी मिरजेत बाळकृष्णबुवांकडे विद्या घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य नीळकंठबुवा अलूरमठ यांनी मिरजेत एका कन्नडभाषक मुलाला घडवले. तो मुलगा म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. गुरू-शिष्यांच्या या वंशावळीत भाषावादाची रेघ कोठेही ओढता येत नाही.

या परंपरेची भाषा कोणती होती? चिजांचे बोल ब्रजभाषेतले, हिंदीतले. तथापि जेव्हा मराठी गुरू मराठी शिष्याला शिकवी, तेव्हा ‘इथे सूर दाब’, ‘ही जागा घाईने घेऊ नकोस’, ‘समेवर ये, पण आदळू नकोस’ अशी समजावणी मराठीत होई. एवढेच नव्हे, तर या संगीताच्या शास्त्राची आधुनिक मांडणीही प्रथम मराठीत झाली. विष्णु नारायण भातखंडे यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मूळ मराठीत आहेत. त्याच भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघाले आणि राजाभैया पूछवाले यांनी ते वाढवले. त्याआधीच, १९१४ साली, कृष्णराव शंकर पंडित यांनी ग्वाल्हेरात आपले गांधर्व महाविद्यालय काढले होते. याच पंडित घराण्याने निसार हुसेन खाँना उतारवयात आपल्या घरी ठेवून घेतले होते. कर्मठ मराठी ब्राह्मणाच्या घरात उस्ताद राहतात आणि घरातील मुलांना गाणे शिकवतात, हा तेव्हाच्या ग्वाल्हेरचा नित्याचा व्यवहार होता.

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. दरबारी गवयाचे वेतन, सणाची बिदागी, सरदारांच्या वाड्यांतील बैठका यांचा आधार हळूहळू सुटत गेला. ग्रामोफोनची तबकडी १९०२ पासून देशात होती. परंतु तिच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. आलाप, बहलावे, बोलबाट, ताना असा पायरीपायरीने राग उलगडणाऱ्या ग्वाल्हेर गायकीला साडेतीन मिनिटे म्हणजे उंबरठ्यावरूनच परतणे. नभोवाणीने ही अडचण दूर केली. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेल्या नभोवाणीला १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. गवयाला आता श्वास घ्यायला अवधी मिळू लागला, मानधन मिळू लागले आणि ज्याला वाड्यात कधी प्रवेश मिळाला नसता, असा श्रोता मिळाला. १९५२ च्या जुलैपासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री दीड तास एकच कलावंत साऱ्या देशाला ऐकू येऊ लागला. १८९३ साली जन्मलेले आणि १९८९ पर्यंत जगलेले कृष्णराव पंडित दरबाराच्या काळात घडले आणि नभोवाणीच्या काळात देशभर ऐकले गेले. त्यांची तयारी, त्यांची लयकारी, तराण्यावरील त्यांची हुकमत आज आपल्याला ऐकता येते, याचे मोठे श्रेय आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांना आहे.

त्या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे एक मराठी माणूसच. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे त्यांनी हे खाते सांभाळले. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला वेळ अभूतपूर्व होता. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह स्थानिक उत्सव होता, त्याला राष्ट्रीय स्वरूप त्यांच्याच पुढाकाराने आले. पण आश्रयदात्याच्या हाती देणे असते, तसे नाकारणेही असते. केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केले. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी श्रवणचाचण्या आल्या, तेव्हा मैफली जिंकलेल्या गवयांना परीक्षार्थी म्हणून बसावे लागले आणि त्यांचा रोष उसळला. हार्मोनियमवर तर त्याआधीच, १९४० साली, बंदी आली होती. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने ज्या वाद्याला प्रतिष्ठा दिली, ते नभोवाणीवरून अनेक वर्षे हद्दपार राहिले. शिवाय मुसलमान उस्तादांच्या परंपरेविषयी केसकरांची मते अनुदार होती. ग्वाल्हेरचा इतिहासच त्या मतांना उत्तर देतो. हस्सू-हद्दू खाँ नसते, तर मिरज, इचलकरंजी आणि कुरुंदवाड ही नावे संगीताच्या इतिहासात आलीच नसती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नभोवाणीने गाणे राखले. पण ती समजावणीची मराठी? मैफल ध्वनिमुद्रित झाली, तालीम झाली नाही. गवई ध्वनिक्षेपकासमोर बसला की तो गाई. शिष्याशी बोलत नसे. निवेदकाने रागाचे, तालाचे, कलावंताचे नाव सांगितले की शब्दांचे काम संपे. त्यामुळे कृष्णरावांचा सूर ऐकणाऱ्या आजच्या तरुणाला ते शिष्याला कोणत्या भाषेत रागावत, हे त्या ध्वनिमुद्रणावरून कळणे शक्य नाही. भातखंड्यांचे ग्रंथ हिंदी अनुवादातून देशभर गेले, ते योग्यच झाले. पण आज अनेक विद्यार्थ्यांना ते मूळ मराठी आहेत, याचीही जाणीव नसते. यात कोणी कट केला, असे मी म्हणत नाही. ग्वाल्हेर हिंदी प्रदेशात आहे, तेथील नभोवाणीची भाषा हिंदी असणे स्वाभाविक आहे. संगीताला राष्ट्रीय वारसा म्हणून मागणारे होते, म्हणून ते मिळाले. घरातल्या बोलीला मागणारे कोणी उभे राहिले नाही. मागितल्याशिवाय नभोवाणी काही देत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष.

मागणाऱ्यांनी काय मिळवले, हे पाहायचे असेल तर आयर्लंडकडे पाहावे. स्वतंत्र आयर्लंडच्या नभोवाणीचे उद्घाटन १ जानेवारी १९२६ रोजी झाले, ते आयरिश भाषेच्या चळवळीचे अग्रणी डग्लस हाइड यांच्या हस्ते. पुढे १९५० च्या दशकात किआरान मॅक महूना हे ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांच्या घरात, चुलीच्या उबेला चालणारे फिडल व बासरीचे वादन त्यांनी टिपले. कलावंताला राजधानीतील स्टुडिओत बोलावण्याऐवजी नभोवाणीच त्याच्या दारी गेली, हा भेद लहान नाही. तरीही आयरिशभाषक पट्ट्यातील लोकांचे समाधान झाले नाही. आपले संगीत वाजते, पण आपल्या भाषेत दिवसभर कोणी बोलत नाही, हे शल्य त्यांना होते. १९७० साली कोनेमारातील तरुणांनी परवान्याविना स्वतःचे छोटे केंद्र चालवून दाखवले आणि २ एप्रिल १९७२ रोजी सरकारला ‘रेडिओ ना गेलटाख्टा’ हे आयरिश भाषेचे स्वतंत्र केंद्र सुरू करावे लागले. तेथे पारंपरिक संगीत वाजते आणि त्याची माहितीही त्याच भाषेत दिली जाते. सूर आणि बोली यांची ताटातूट त्यांनी होऊ दिली नाही.

आपल्या सीमाभागाची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. धारवाडचे केंद्र १९५० साली सुरू झाले, तेव्हा धारवाड मुंबई राज्यात होते. त्या केंद्राने हिंदुस्थानी संगीताची जी सेवा केली, तिला तोड नाही. मन्सूरांसारखा कलावंत तेथे सल्लागार होता. मराठी माणसाने हे ऋण मोकळेपणाने मान्य करावे. पुणे केंद्र १९५३ साली आले आणि ‘गीतरामायण’ तेथूनच घरोघरी पोहोचले. त्याचे साप्ताहिक प्रसारण १९५६ च्या एप्रिलमध्ये संपले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपण राज्याबाहेर गेलो. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाले आणि निपाणी-बेळगावकडच्या घरांत मराठी बातम्या, भजने, शेतीविषयक संवाद शेजारच्या ओसरीवरून यावेत इतक्या जवळून ऐकू येऊ लागले. लहरींना तपासणीनाका नसतो. शाळेतली पाटी बदलली, दुकानावरचा फलक बदलला, तरी रेडिओची खुंटी फिरवणे आपल्याच हाती होते. आज तीच केंद्रे मोबाइलवरही ऐकता येतात. म्हणजे साधन गेलेले नाही. आपण ऐकतो किती आणि मागतो काय, एवढाच प्रश्न उरतो.

ग्वाल्हेरचा धडा आपल्यापुरता असा. आपल्या भागातील दिंडीची भजने, जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, सोंगी भजने यांचे ध्वनिमुद्रण झालेच पाहिजे. परंतु तेवढ्याने भागणार नाही. ओवी म्हणणारी आजी ती कोणाकडून शिकली, कोणत्या कामाला कोणती ओवी म्हणायची, कोणता शब्द सासरचा आणि कोणता माहेरचा, हे तिच्याच तोंडून, तिच्याच बोलीत नोंदले गेले पाहिजे. कन्नडमिश्रित मराठी असेल तर तशीच. ती शुद्ध करण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. आणि ही नोंद नभोवाणीकडे लेखी, नेटाने, पुनःपुन्हा मागितली पाहिजे. सांगलीकडे मागावी, तशीच धारवाडकडेही मागावी. नागरिक म्हणून आपला हक्क दोन्हीकडे आहे. आणि मराठी व कन्नड यांनी एकमेकींचे गाणे ज्या प्रेमाने सांभाळले, त्या प्रेमाने एकमेकींचे बोलणेही सांभाळता येईल.

वझेबुवांनी आपली हकीकत स्वतःच्या भाषेत लिहिली, म्हणून ग्वाल्हेरच्या वाटेवरची त्यांची भूक आणि जिद्द आज आपल्याला त्यांच्या शब्दांत कळते. ज्यांनी लिहिले नाही आणि ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांचे शब्द त्यांच्याबरोबर गेले. आपल्या घरातील म्हातारी माणसे अजून बोलत आहेत. ती बोलत आहेत तोवर त्यांच्यापुढे बसावे आणि विचारावे.