नोल्डेची फुलं आणि तेलाचा वास

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेलगत झेबुल येथे एमिल नोल्डे (१८६७–१९५६) या चित्रकाराचं घर आणि बाग आहे. तिथली पॉपी, डेलिया त्याने जलरंगात रंगवली. ती पाहायला येणारे बहुतेक जण एक गोष्ट ऐकूनच येतात: नाझींनी १९४१ साली त्याच्यावर चित्रबंदी घातली, तैलरंगाच्या वासाने पकडले जाऊ या धास्तीने तो लपूनछपून जलरंगांकडे वळला. झीगफ्रीड लेंत्सच्या १९६८च्या ‘डॉइचश्टुंडे’ या कादंबरीने बंदीची कहाणी घरोघर नेली.

कहाणी सुरेख आहे, पण टिकत नाही. बंदी व्यवसायावर होती, विक्री आणि प्रदर्शनावर. घरात कुंचला धरायला मनाई नव्हती. शिवाय फुलांचे जलरंग तो १९२०च्या दशकातही करत होता आणि ज्या छोट्या जलरंगांना तो ‘न रंगवलेली चित्रं’ म्हणे, त्यांतलीही कित्येक बंदीआधीची आहेत. कार्य आधी आणि कारण मागाहून, हा कुठला न्याय? जलरंगांवर तो सहसा तारीख घालत नसे. दंतकथेला तेवढी फट पुरली.

खरं कारण कागदावरच दिसतं. पाण्याने चिंब केलेल्या जपानी कागदावर लाल रंग टेकवला की तो फुटतो, तंतूतंतूंत शिरतो. कुठवर जाऊ द्यायचा, कधी दुसरा रंग भिडवायचा, हे क्षणात ठरवावं लागतं. खोडायची सोय नाही. तैलरंगात अशी पाकळी साधलीच नसती. जलरंग म्हणजे तैलरंगाची गरीब बहीण, हा समज आपल्याकडेही आहे. चित्रकार हळदणकरांचं म्हैसूरला असलेलं दीपधारिणीचं चित्र जलरंगात आहे हे सांगितलं की अनेकजण दचकतात.

‘पण त्याचा छळ झालाच ना?’ झाला. १९३७ साली संग्रहालयांतून त्याची हजारावर कामं उचलली गेली, इतर कुणाहीपेक्षा जास्त. मात्र हाच नोल्डे १९३४ साली उत्तर श्लेस्विगच्या नाझी संघटनेत दाखल झाला होता, आणि १९३८ साली गोबेल्सला पत्र लिहून आपली निष्ठा पटवून देत होता. ज्यूद्वेष तर त्याचा जुनाच. हे सगळं बर्लिनच्या २०१९च्या प्रदर्शनाने कागदपत्रांसह मांडलं. त्याच वर्षी चॅन्सेलर मर्केल यांच्या कार्यालयातून नोल्डेची दोन चित्रं परत गेली. एक समुद्राच्या लाटेचं होतं, दुसरं फुलबागेचं.