चूक एकाच बाजूला का कलते?

पाचगणी कोणी वसवली, असे मी वर्गात विचारतो तेव्हा उत्तर एका सुरात येते : चेसन साहेबाने. ते खोटे नाही. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाच्या देखरेखीखाली येथे थंड हवेचे ठिकाण आकाराला आले. पण दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट ही पाच गावे त्याच्या आधीची. नावात गावे राहिली, आठवणीत साहेब राहिला. रस्त्याचे दगड कोणी फोडले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्ये दाखवून दिले की, ऐकलेली अपरिचित गोष्ट माणूस पुन्हा सांगतो तेव्हा त्याच्या ओळखीच्या चौकटीत न बसणारे तपशील गळतात किंवा बदलतात. स्मृती म्हणजे कणगीत साठवलेले धान्य नव्हे. ती दर वेळी नव्याने रचली जाते. मान्य. पण ती चौकट कोणी घडवली?

गावगाड्याकडे पाहा. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याच्या स्मरणावर गावाने आपली हद्द ठरवली, त्यालाच वेशीबाहेर ठेवले आणि गावाच्या इतिहासातून त्याचे नाव गाळले. याला विसराळूपणा कसे म्हणायचे?

वर्गीकरणाची चूक याच सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनावर घडली. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव घरातील इतर मुलांसह गोरेगावला वडिलांकडे निघाले होते. न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आस्थेने चौकशी केली. 'आम्ही महार' हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. अनुभव कल्पनेशी जुळला नाही, तर विचारी माणूस कल्पना दुरुस्त करतो. येथे कल्पना शाबूत राहिली. बदलली ती मुलांशी असलेली वागणूक. दुप्पट भाडे देऊनही गाडी त्यांनाच हाकावी लागली.

तिसरी चूक तर्काची. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तरी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त पुढे आला. भरती नाही म्हणून लढाऊ नाहीत आणि लढाऊ नाहीत म्हणून भरती नाही : घाण्याच्या बैलासारखा हा तर्क जागच्या जागी फिरत राहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा युद्ध आले तेव्हा १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तर्क कोणी तपासला नव्हता. गरज बदलली होती.

मनाचा दुबळेपणा एवढेच कारण असते, तर चूक कधी इकडे, कधी तिकडे पडली असती. एखाद्या वेळी तरी आमच्या पदरात जास्तीचे माप पडले असते. शेकडो वर्षे पारडे एकाच बाजूला झुकत असेल, तर तराजू धरणारा हात पाहिला पाहिजे. 'माणूस चुकतोच' ही सबब व्यवस्थेला माफीनामा म्हणून वापरू देता येणार नाही.

पण बार्टलेटचा नियम आपल्यालाही सोडत नाही. स्तंभावर उरलेली २७ नावेही आहेत. ती आपण वाचली नाहीत, तर प्रस्थापितांचाच दोष आपल्या अंगी लागेल. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमच्याकडे दप्तरे नव्हती; आजी-आजोबांची तोंडी साक्ष हेच आमचे दप्तर. म्हणून माझे विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे : आपापल्या वस्तीतील म्हाताऱ्यांचे बोलणे गाव आणि साल घालून उतरवून घ्या, वतनाच्या कागदांशी आणि जुन्या अर्जांशी ताडून पाहा. जेथे जुळणार नाही तेथे तेही लिहा. ही माणसे फार दिवस थांबणार नाहीत.